हौसेपुरतं

शालनचा नवरा बरा होऊन घरी आला आणि त्या दिवसापासून तिला त्याची आठवण यायला लागली.

माणूस समोर बसलेला. गालावर तुकतुकी, पायांची सूज उतरलेली, माडीचा जिना एका दमात चढणारा. आणि हिला आठवण! कुणाला सांगायची सोय नाही. सांगितलं असतं तर बायांनी तोंडाला पदर लावून हसून घेतलं असतं, की बाई, तुला सुख बोचतंय. म्हणून शालन गप्प राहिली. शालन मस्कर गप्प आहे म्हणजे कानडगावात काहीतरी बिघडलंय, हे शहाण्या माणसानं ओळखायला हवं होतं. पण गावात शहाणे कमी.

आधीचा अंगद मस्कर म्हणजे मागण्यांचं गाठोडं. चहात आलं हवं. आलं घातलं की म्हणायचा, एवढं कुणी घालतं का? भाकरी गरम हवी, पण तव्यावरून थेट नको, जरा वाफ गेलेली हवी. सदऱ्याची कॉलर कडक हवी. संध्याकाळी भट्टीवर शालननं येऊन शेजारी पाटावर बसायला हवं.

"माझं काय काम हाय तिथं?" ती विचारायची.

"काम न्हाई. बस."

लग्न झाल्यापासून ती ओरडत आली होती, की या बाप्याच्या मागण्या पुरवता पुरवता मी एक दिवस चुलीपाशीच आडवी होईन. आता मागणं थांबलं, तर तिला दिवस सरता सरेना.

कानडगाव हे बालाघाटच्या उतारावरचं खव्याचं गाव. पूर्वी घरोघर लाकडाच्या भट्ट्या होत्या, बाया धुरानं डोळे लाल करून घ्यायच्या. आता लाकूड गेलं. छपरावरचे आरसे ऊन गोळा करतात, त्याची वाफ नळीनं कढईखाली येते आणि पोलादी हात दूध ढवळत राहतो. सगळं यंत्रानं होतं, एक सोडून. खवा उतरवायचा कधी, हे अंगदच सांगायचा. जरा आधी उतरवला तर दोन दिवसांत आंबतो, जरा उशीर झाला तर तूप सुटून रवाळ होतो. अंगद कढईवर वाकायचा, चिमूटभर उचलून अंगठ्यानं चोळायचा आणि ती चिमूट शालनच्या तळहातावर ठेवायचा. "बग." ती जिभेला लावायची आणि तोंड वाकडं करायची. खवा उत्तम झालाय हे त्याला तेवढ्यावरून कळायचं. तिनं कौतुक केलं असतं तर तो घाबरला असता.

मस्करांच्या पुरुषांना छातीनं दगा द्यायची रीतच होती. अंगदचे दोन्ही भाऊ पन्नाशी न बघता गेले. अंगद तेवढा पुढं आला, म्हणून शालननं जरा कुठं श्वास सोडला, तर एका लग्नात पंगतीला वाढता वाढता हा बुंदीच्या परातीवरच कलंडला. मुलगा गाडी घेऊन दुधाच्या फेरीवर गेलेला. सुनेनं, अक्षतानं, कुणाची तरी गाडी काढली आणि बार्शीला दवाखान्यात नेऊन घातला.

तिथली डॉक्टरीण पोरसवदा होती, नाव सबनीस. पण बोलायची असं की समोरच्याला आपण अडाणी आहोत असं वाटू नये. शालनला तेवढ्यानंच तिचा संशय आला.

"काकू, कोलेस्टेरॉल म्हणजे विष नाही," ती म्हणाली. "शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या भिंतीत ते असतं. पित्त त्याचं बनतं. शरीरातल्या शरीरात निरोप नेणारे जे रस असतात, त्यातले बरेच त्याचेच बनतात. प्रश्न आहे जादा झालेल्याचा. साखर पेशीला जाळता येते, हे जाळता येत नाही. बाहेरच काढावं लागतं."

"मग काढत का न्हाई?"

"काढते ना. जादा झालं की पेशी ते आपल्या दाराशी आणून देते. रक्तात बारीक बारीक हमाल फिरत असतात, ते उचलतात आणि यकृतात नेऊन टाकतात. यकृत त्यातलं काही पित्तात घालतं, आतड्यात सोडतं आणि तिथून ते बाहेर. या हमालांनाच लोक चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात."

"ते तर यांचं भरपूर हाय म्हणत हुते की मागच्या तपासणीला. आमी पेढे वाटले."

"भरपूर आहे. पण कामाचं नाही. यांच्या हमालांना यकृताचं दार नीट उघडत नाही. ओझं घेऊन तसेच माघारी फिरतात. मोजणीत आकडा मोठा दिसतो आणि माल मात्र धमन्यांच्या भिंतीत साठत जातो. घराण्यातलाच दोष आहे."

"यांच्या घराण्यात सगळे पुरुष असलेच," शालन म्हणाली. "बाजारला जाणार आन् भरली पिशवी तिथंच कट्ट्यावर ठेवून येणार."

डॉक्टरीण हसली. मग तिनं नव्या सुईचं सांगितलं. ती सुई यकृताला नव्या जातीचे हमाल घडवायला शिकवते. एकदा टोचली की यकृत आपलं आपण ते बनवत राहतं, जन्मभर. गावोगाव लोक तिला हमालाची सुई म्हणायला लागले होते. हे नवे हमाल दाराशी उभे राहत नाहीत. पेशीच्या आत हात घालून ओढून आणतात, आणि यकृतात शिरायला त्यांना वेगळी वाट आहे.

"न इचारता आत शिरायचं?" शालनला ते आवडलं नाही. "मग जादा कुठलं आन् लागतं कुठलं, हे कोण ठरवणार?"

"जुन्या हमालांच्या बाबतीत पेशी ठरवते. यांच्या बाबतीत आम्ही ठरवतो, मात्रा धरून. म्हणून विचारते, घरचं खाणं कसं आहे?"

"खव्याचं घर आहे मॅडम," अक्षता म्हणाली. "तूप, साय, लोणी रोजचंच."

"मग मी त्या बेतानं मात्रा धरते. यांचं शरीर खाण्यातलं स्निग्ध फार पटकन आत घेतं. तेव्हा जेवण आहे तसंच ठेवा. एकदम काही बंद करू नका."

शालननं हे ऐकलं आणि मनात म्हणाली, शिकलेली माणसं तोंडदेखलं बोलतात. छातीच्या दुखणेकऱ्याला तूप चालू ठेवा म्हणे! पाहुण्याला जसं म्हणतात, घर आपलंच आहे, तसलं ते बोलणं. ते काय खरं धरायचं असतं?

अंगदला आत नेलं तेव्हा ती खिडकीपाशी उभी राहिली, आपल्या डोंगराच्या दिशेला तोंड करून, आणि गावच्या यमाईला तिनं शब्द दिला. यांना वाचव. मी आन् हे, दोघांनीबी तूप सोडलं. लोणी, साय, खवा, काय म्हणशील ते सोडलं.

आपल्याकडं देवाला काही सोडतात ते आवडीचं सोडायचं असतं. शालनच्या जावेनं एकदा देवाला गवार सोडली होती. जन्मात तिनं गवार खाल्ली नव्हती. शालनला असला फसवा कारभार जमत नसे. आणि सोडलेलं चारचौघांत सांगत नाहीत, सांगितलं की त्यातलं पुण्य जातं. सुनेला तिनं एवढंच बजावलं, की यांचं ताट आजपासून मी वाढणार, कुणी मधी यायचं न्हाई. दर तपासणीला डॉक्टरीण विचारायची, "जेवण नेहमीचंच ना?" आणि शालन मान हलवायची, "न्हेमीचंच."

अंगद घरी आला. पहिले काही दिवस तो पूर्वीसारखाच होता. कोरडी भाकरी बघून कुरकुरलासुद्धा. मग कुरकुर कमी झाली. मग थांबली.

सुरुवातीला शालनला वाटलं, दुखण्यानं माणूस शहाणा झाला. ती चहा द्यायची, तो प्यायचा. आलं नाही घातलं तरी प्यायचा. एकदा तिनं मुद्दाम साखरेऐवजी मीठ घातलं आणि समोर उभी राहिली, आता कप आपटतो की नुसता ओरडतो हे बघत. तो सगळा चहा प्यायला.

"कसा झालाय?"

"बरा हाय."

तिनं कप उचलला आणि मोरीत जाऊन उभी राहिली. हसावं की काय करावं ते तिला कळेना.

भट्टीवर तो वेळेवर जायचा. कढईतली चिमूट उचलायचा, चोळायचा आणि म्हणायचा, "चालंल." कच्चा असला तरी चालेल, जळका असला तरी चालेल. शेवटी अक्षतानं कढईवर वास ओळखणारं यंत्र बसवलं आणि अंगदला सांगितलं, "बाबा, तुम्ही आता आराम करा." तो उठून घरी आला. वाईट वाटून आला असता तरी चाललं असतं. तो नुसता आला.

त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, सोपान पैलवान, त्याच काळात वारला. दोघांनी एका आखाड्यात माती खाल्ली होती. अंगद मयतीला गेला, खांदा दिला, आंघोळ केली आणि जेवायला बसला.

"आवं, सोपान गेला," शालन म्हणाली.

"व्हय. गेला."

"रडू आलं तर रडा की."

त्यानं तिच्याकडं बघितलं. डोळे स्वच्छ, पाण्यासारखे. "कशापायी?" त्यानं विचारलं, आणि त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच ठाऊक करून घ्यायचं होतं.

अक्षता म्हणायची, "आई, बाबा किती शांत झालेत हो. घर कसं छान वाटतं."

"मसणवटाबी शांत असतुया," शालन म्हणायची. "जाऊन ऱ्हायची का तिथं?"

पंचावन्नाच्या पुढं गेलेल्या बाईनं नवऱ्याबद्दल असलं काही बोलू नये म्हणतात. नाही बोलली. पण वाटायचं कुठं थांबतंय? एकदा तिनं हिरवी इरकल नेसली, केसांना तेल लावून चापून अंबाडा घातला आणि काही काम नसताना त्याच्या समोरून तीनदा गेली. पूर्वी तो म्हणाला असता, "कुणाच्या लग्नाला निघाली, मला सोडून?" आता त्यानं पाय आखडून तिला वाट दिली. संध्याकाळी ती भट्टीवर गेली, एकटीच, आणि त्या पाटावर बसून राहिली. काम नव्हतंच. शेजारी कुणी बस म्हणणारंही नव्हतं. दुधाचा वास सुटला होता, पोलादी हात फिरत होता, आणि तिला आपला नवरा इतका आठवला की तिनं पदराचा बोळा दातांत धरला. नवरा तेव्हा घरात बातम्या बघत होता.

विधवेला निदान रडायची मुभा असते. हिचं कपाळ भरलेलं, गळ्यात डोरलं, आणि गाव म्हणतंय, शालन, नशिबाची हाईस.

पुढच्या खेपेची तपासणी आली तेव्हा शालन डोक्यात राख घालूनच गेली. डॉक्टरीण मोठ्या पडद्यावर धमन्यांची चित्रं दाखवून खूश. "बघा काकू, भिंती किती स्वच्छ. अगदी नव्या नळासारख्या."

"मला नळ न्यायचाय का घरी?" शालन कडाडली. "मी नवरा दिला हुता तुमच्या ताब्यात. नवरा द्या माघारी!"

अक्षतानं तिचा हात दाबला. अंगद शेजारच्या खुर्चीवर बसून त्या चित्रांकडं बघत होता, दुसऱ्याच कुणाची असावीत तशी.

डॉक्टरिणीनं पडद्याकडं पाठ केली. मग तिनं अंगदलाच प्रश्न विचारले. भूक लागते का? लागते, दिलं की खातो. राग येतो का? न्हाई. कुणाची आठवण? त्यानं बराच विचार केला आणि म्हणाला, "अशी न्हाई." मग डॉक्टरीण शालनकडं वळली. "जेवण नक्की नेहमीचंच आहे ना?"

आता मात्र शालनच्या अभिमानाला धक्का बसला. तिच्या सेवेवर संशय? "माझ्या पथ्याचं तुमी मला सांगू नका! ज्या दिवशी सुई दिली त्या दिवसापासून तुपाचा थेंब यांच्या जिभेला लागू दिला न्हाई. देवीला सोडलंय तूप, दोघांनीबी. डाळीला फोडणी न्हाई, दुधावरची साय न्हाई. हाय कुणी एवढं करणारी?"

डॉक्टरिणीनं दोन्ही हात कपाळाला लावले.

शालनला वाटलं, नमस्कार केला.

"काकू," डॉक्टरीण म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम थकला, "मी भरल्या गोदामासाठी हमाल लावले. तुम्ही गोदामच रिकामं केलंत. त्यांना थांबायचं शिकवलेलंच नाही. उचलायला माल मिळेना, म्हणून त्यांनी राखीव साठ्याला हात घातला. मूत्रपिंडाच्या डोक्यावर एक ग्रंथी असते, आणखीही काही असतात. माणसाला ज्या रसांमुळं भूक, राग, माया, ओढ लागते, त्यातले पुष्कळ रस त्या याच मालातून घडवतात. थोडा साठा जवळ ठेवतात. तो साठाच रोज रिकामा होत गेला. जगण्यापुरतं बनत राहिलं, म्हणून माझ्या तपासणीत काही वावगं आलं नाही. हौसेपुरतं बनेना. मी चित्रं बघत राहिले. यांना एकदा विचारायला हवं होतं."

शालनचा चेहरा असा झाला की अक्षतानं दुसरीकडं बघितलं.

"सुई काढून घ्या मग," शालन शेवटी म्हणाली.

"ती काढता येत नाही. एकच करता येतं. हमालांना उचलायला माल द्यायचा." डॉक्टरीण स्वतःशीच हसल्यासारखी झाली. "हृदयरोगाची डॉक्टर आहे मी, आणि तुम्हाला सांगते, यांना तूप द्या. साय द्या. खवा द्या."

"तुमाला काय पायजे?" शालननं अंगदला विचारलं. "द्यायचं का तूप?"

"तुमी म्हणाल तसं," अंगद म्हणाला. जन्मभर जिला 'ए शालन' म्हणत आला तिला तो 'तुमी' म्हणाला. परक्या बाईला म्हणावं तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शालन टेकडी चढून यमाईच्या देवळात गेली. पुजारी बाहेर पाणी भरत होता. ती देवीसमोर बसली, पदर सारखा केला आणि हळदीकुंकू न वाहताच बोलायला लागली.

"तुला दिलेलं माघारी मागायला आलीया. लाज न्हाई वाटत मला. तू शब्द पाळला, माणूस जित्ता ठेवला, न्हाई म्हणत न्हाई मी. पर मी मागितला हुता ह्यो आन् तू दिला त्यो. आसं कुणी करतं का गं? तूबी बाईच हाईस. तुझ्यासमोर तुझाच माणूस तुला वळखीचा वाटंना, मग कळंल." तिनं जमिनीला हात टेकला. "माझं ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी. मी मरस्तोवर तूप खानार न्हाई. त्यांच्यापुरतं सोडव. कोपायचं आसंल तर माझ्यावर कोप, मी कुटं जात न्हाई."

देवी काही बोलली नाही. शालन ते कबूल समजून टेकडी उतरली.

त्या दुपारपासून तिनं अंगदच्या भाकरीवर तूप घालायला सुरुवात केली. डाळीला फोडणी, दुधाला साय, संध्याकाळी खवा. तो निमूट खायचा. ती समोर बसून आपली कोरडी भाकरी मोडायची आणि त्याच्या चेहऱ्याकडं बघायची, उन्हाळ्यात विहिरीच्या तळाकडं बघतात तशी.

बरेच आठवडे काही दिसलं नाही. मग एका सकाळी तो म्हणाला, "ह्यो पंखा लई कुरकुरतुया." एवढंच. शालन हातातलं पीठ तसंच घेऊन पंख्याखाली येऊन उभी राहिली. पंखा कित्येक महिने कुरकुरत होता. वायरमननं दुरुस्त करू का विचारलं तर तिनं त्याला हाकलून दिलं.

त्यानंतर एका बाजारच्या दिवशी तो स्टँडवरच्या हॉटेलात चहाला गेला आणि चहा न पिताच परत आला. दारात उभा राहून लहान पोरासारखा हमसायला लागला. "सोप्या गेला गं, शालन. त्याची खुर्ची मोकळी हाय. सोप्या गेला." सोपानचं वर्षश्राद्ध होऊन गेलं होतं. शालननं त्याला धरलं, आणि त्याच्या रडण्याचं तिला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त तिला आनंद झाला, आणि त्या आनंदाची तिला लाज वाटली. पण तिनं त्याला गप्प केलं नाही. 'गं' म्हणाला होता तो.

असा थोडा थोडा तो परत येत होता. चहात आलं मागायला लागला. अक्षताच्या यंत्राला एकदा म्हणाला, "त्याला काय कळतंय!" आणि कढई उतरवायला लावली.

मग पुढची तपासणी आली. अंगदच्या धमन्यांची चित्रं काढून झाली तशी त्याला बाहेर बसवून डॉक्टरिणीनं दोघींना आत बोलावलं.

"माणूस परत आला ना काकू?"

"यायलाय."

"पण भिंतींवर पुन्हा साय धरायला लागलीय." तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "हमाल रोजचं तूप उचलण्यात गुंतलेत, जुन्या सफाईला त्यांना वेळ नाही. मला खोटं सांगता येणार नाही. तूप बंद केलं तर हे खूप जगतील, कदाचित माझ्याहून जास्त. चालू ठेवलं तर किती, ते मी सांगू शकत नाही. आता हे त्यांना विचारून तुम्ही घरात ठरवा."

परतीच्या गाडीत अंगदनं शालनला उठवून खिडकीशी जागा घेतली. "मला वारं पायजे," तो म्हणाला. काच पुढच्या माणसानं अर्धी लावलेली, त्यावरून त्याचं त्या माणसाशी जुंपलं. अक्षता ओशाळी झाली. शालन बघत राहिली. त्याच्या पांढऱ्या मिशा वाऱ्यानं हलत होत्या, बोट हवेत नाचत होतं, आवाज चढला होता. एवढं सगळं परत यायला किती वाट पाहिली होती तिनं. आता आपल्याच हातानं ते परत विझवायचं. पण नुसता श्वास घेणारा का होईना, घरात असेल. ताट असेल, चप्पल असेल दारात. दोन्ही जावांच्या दारात काय राहिलं होतं? आठवणीची तर तिला सवय झालीच होती.

त्याला विचारायचं नाही असं तिनं ठरवलं. विचारलं तर तो काय म्हणेल, ते आता तिला पुन्हा ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं ताट वाढलं. भाकरी कोरडी, डाळ बिनफोडणीची.

अंगदनं ताटाकडं बघितलं, मग तिच्याकडं. "तूप संपलं का खव्याच्या घरातलं?"

"सोसत न्हाई तुमाला. गपचिप जेवा."

"काय म्हणली डॉक्टरीण?"

"काई न्हाई म्हणली."

"शालन."

तिला खोटं बोलता यायचं, पण त्यानं असं नाव घेतलं की नाही. तिनं सगळं सांगितलं, भांडल्यासारखं, एकेक शब्द आपटत. शेवटी म्हणाली, "मला भाऊजींसारखं उचलून नेलेलं बघायचं न्हाई तुमाला. कळलं का? जगा गपगुमान."

अंगद बराच वेळ भाकरीच्या कडेचा तुकडा बोटानं फिरवत बसला.

"तिथं काई दुखत न्हवतं बग," तो म्हणाला. "खोटं का बोला. झोप चांगली लागायची. पर तू घरात आसलीस काय आन् नसलीस काय, सारखंच हुतं. तू हिरवं लुगडं नेसून म्होरनं गेलती. दिसलं हुतं मला. दिसून काई झालं न्हाई." त्यानं हातातला तुकडा ताटात टाकला. "भाऊ गेले ते जित्ते हुते मरस्तोवर. तिथं परत धाडू नगस मला. थोडं का आसंना, ह्येच दे."

शालननं मान फिरवली. डाळीच्या पातेल्यावर उगाच झाकण ठेवलं, काढलं, ठेवलं.

"आन् तुझ्या ताटात काय हाय?" त्यानं एकदम विचारलं.

"भाकरी."

"तिच्यावर?"

"माझं मी बगीन."

"किती दिवस झालं कोरडं खातियास? माझ्या म्होरं बसून खातियास आन् मला दिसलं न्हाई?"

"देवीला सोडलंय मी. माझा शब्द हाय. तुमचा सोडवून आणला, माझा ऱ्हाऊ दे म्हणून सांगितलंय."

"तुला कुणी सांगितलं हुतं शब्द द्यायला? मला इचारलं हुतं का? तवाबी न्हाई इचारलं, आजबी न्हाई!" त्यानं ताट सरकवलं, इतक्या जोरात की डाळ सांडली. "मला काई नगं. एकट्यानं तूप खायला मी काय बोका हाय? तू खाशील तर मी खाईन. न्हाई तर दोघंबी ऱ्हाऊ उपाशी. सांग जाऊन तुझ्या देवीला."

तो उठला, हात न धुताच बाहेर गेला आणि ओट्याच्या टोकाला, रस्त्याकडं तोंड आणि घराकडं पाठ करून बसला. रस्त्यानं कुणीतरी रामराम घातला, त्यालाही त्यानं उत्तर दिलं नाही.

शालननं उठून फडताळातून तुपाची बरणी काढली. त्याच्या भाकरीवर चमचा उपडा केला. बरणी हातात धरून ती काही वेळ टेकडीच्या बाजूच्या खिडकीकडं बघत राहिली. तिथं जायचं, बोलणी खायची, परत बोलायचं, हे सगळं आता आलंच. "येते उद्या," ती पुटपुटली, आणि दुसरा चमचा आपल्या भाकरीवर घातला.

सैपाकघरात अक्षता आली. तिनं सांडलेली डाळ बघितली, दोन ताटं बघितली आणि ओट्यावरची ती ताठ पाठ बघितली.

"आई, बाबा रुसलेत का? बोलवू का त्यांना? भाकरी निवतीय."

"खाली बस," शालन म्हणाली. तिचे डोळे त्या पाठीवरून हलत नव्हते. कान लाल झाले होते त्याचे, रागानं. मान अशी ताठ धरली होती की कुणी हाक मारली तरी वळायची नाही, आणि कुणी मारली नाही तर किती वेळ धरवेल याचाही भरवसा नव्हता. "कुणी बोलवू नका त्यांना. रुसू दे. अजून जरा रुसू दे."